अण्णांचं नाक

मधूने दुसरी वाटी मागितली आणि मी ती त्याला आणून दिली. पहिली त्याने भाताला हात लावायच्या आधीच संपवली होती. वरच्या ओठावर पिवळी मिशी उमटली होती, ती सदऱ्याच्या बाहीला पुसून तो म्हणाला, "इंदूताई, कढी गोड आहे. अजून." त्या कढीला काय झालंय ते मला माहीत होतं. मी वाढप्यांच्या मागून आत गेले, पळीने वाटी भरली, दोन्ही हातांत धरून सांडू न देता पंगतीतून चालत आले आणि त्याच्या पानाशी ठेवली. तो पीत असताना मी समोर उभी होते. माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

हे आधीच लिहून टाकलं. अगदी अलीकडेपर्यंत मी कुणालाही लहानपणीचं सांगायला बसले की अण्णांच्या जिलब्यांपासून सुरुवात करायचे आणि जिलब्यांपाशीच थांबायचे. ऐकणारे खूश व्हायचे. आता वय झालं, कुणाला खूश करायची गरज उरली नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते आचारी होते. लग्नाची, मुंजीची, श्राद्धाची जेवणं करायला पंचवीस-तीस गावांतून त्यांना बोलावणं यायचं. अंगाने किरकोळ, पण हाताला अशी सवय की दोनशे माणसांच्या आमटीत मीठ मुठीने टाकायचे आणि कधी कमी-जास्त व्हायचं नाही. घरात मात्र ते चहासुद्धा करत नसत. घर आईचं. दोन खोल्या, मागे परसू, परसात एक कढीपत्ता आणि राख टाकायचा खड्डा. सकाळी जाग यायची ती अण्णांच्या शिंकांनी. त्यांना तपकिरीचं व्यसन होतं. उठल्यावर चिमूट, आंघोळीनंतर चिमूट, जेवण झालं की चिमूट. डबी पितळेची होती आणि तिचं झाकण उघडताना टक् असा आवाज व्हायचा. त्या तपकिरीने त्यांचं नाक मेलं. मी आठ वर्षांची असताना एकदा आईच्या हातून दूध उतू जाऊन चुलीत सांडलं, सगळं घर जळक्या वासाने भरलं, आणि अण्णा तिथेच भिंतीला टेकून शांत बसले होते. आईने त्यांच्याकडे बघितलं. तेव्हा आम्हा तिघांना कळलं. मधू तेव्हा दोन वर्षांचा होता.

ज्यांना आचाऱ्याचं काम माहीत नाही त्यांना यात एवढं काय असं वाटेल. नाक गेलं तर चाखून बघावं. पण तेव्हा नैवेद्य दाखवण्याआधी चाखणं म्हणजे अन्न उष्टं करणं. ज्या आचाऱ्याने पळीतला थेंब जिभेवर ठेवला त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. जेवण तयार होऊन देवापुढे जाईपर्यंत सगळं काम नाकाने, डोळ्याने आणि कानाने करायचं. तळण झालं की बुडबुड्यांचा आवाज बदलतो, तो अण्णांना कळायचा. पाकाची तार डोळ्याला दिसते. पण आमटी, कढी, तूप, भाजणी हा सगळा वासाचा कारभार. आमटीत मीठ पडलंय की नाही हेही वासावरून कळतं. ज्याला खोटं वाटेल त्याने वाटू द्यावं.

मी चौथी पास झाले तशी अण्णांनी मला शाळेतून काढलं आणि नाक म्हणून बरोबर घेतलं. आईने त्यांना एकदाच विचारलं, "पोरीला काय आयुष्यभर हुंगायलाच लावणार?" अण्णा म्हणाले, "तोवर तरी घर चालेल."

त्यांनी मला शिकवलं ते कुठल्या मास्तराने शिकवलं नसतं. दुपारी आईची झाकपाक झाली की ते परसात पाच वाट्या मांडायचे. पाचांतही एकच डाळीचं पीठ, पण कमी-जास्त भाजलेलं. माझ्या डोळ्यांना उपरणं बांधायचे आणि एकेक वाटी नाकाखाली धरायचे. "ही कशी?" मी सुरुवातीला म्हणायचे, छान. ते टपली मारायचे. "छान मला नको. छान जेवणारे म्हणतील. तू कशी आहे ते सांग." मग हळूहळू आमचं ठरत गेलं. पहिली कच्चट, दुसरी मातकट, तिसरी नुसती भाजकी, चौथी खमंग, पाचवी करपट. चौथीपाशी थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वाट्या उलटसुलट लावायचे आणि मी तेच शब्द त्याच वाट्यांना दिले तर एक खडीसाखरेचा खडा. लोण्याचं तूप होताना पाच-सहा वास बदलतात, तेही असेच ठरवले. खवट आणि कुबट यांत मी महिनाभर घोळ घालत होते. मग त्यांनी एका वाटीत जुनं खोबरं ठेवलं, दुसरीत ओलं फडकं, आणि आठ दिवस मला दोन्हींचा वास देत राहिले. त्यानंतर आजतागायत घोळ झालेला नाही.

गेल्या वर्षी केतकी आमच्या घरी आली तेव्हा मला हे सगळं बऱ्याच वर्षांनी आठवलं. मी माझ्या लेकीकडे परदेशात, पिस्कॅटवेला राहते. केतकी इथल्या विद्यापीठात शिकते, पुण्याची पोर. माणसं खाण्याच्या वस्तूची चव आणि वास कोणत्या शब्दांत सांगतात याचा तिचा अभ्यास आहे. तिने सहा म्हातारी मराठी माणसं गोळा केली. त्यांना ती पॅनल म्हणते. लॅबमध्ये छोट्या छोट्या कपाटांसारख्या जागा, वर लाल दिवा, म्हणजे वस्तूचा रंग कळू नये, आणि समोर झाकलेले कप, प्रत्येकावर तीन आकडे. पहिल्याच दिवशी सहाही कपांना मी आणि बाकीच्या बायकांनी "चांगलं आहे" लिहून दिलं. दुसऱ्याच्या घरचं खाऊन वाईट कसं म्हणणार? केतकी डोक्याला हात लावून म्हणाली, "आजी, चांगलं-वाईट नकोय हो मला. लाइक केलं की नाही ते दुसरे लोक सांगतील. तुम्ही फक्त कसं आहे ते डिस्क्राइब करा." मी तिला म्हटलं, हे मी ऐकलेलं आहे.

मग आम्हाला एका टेबलाशी बसवून ती शब्द ठरवायची. एक नमुना सगळ्यांनी हुंगायचा आणि याला काय म्हणायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आमच्यात नागपूरचे वासुदेवराव होते, कोर्टात कारकून म्हणून जन्म घालवलेले. ते प्रत्येक कपाला "आक्षेपार्ह" म्हणायचे. केतकी म्हणायची, "काका, आक्षेपार्ह हा फ्लेवर नाहीये." ते म्हणायचे, "तू अजून कोर्टाचं कँटीन पाहिलं नाहीस." मी त्यांना म्हटलं, वासुदेवराव, नाक वापरा, वकील नको. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि त्या आठवड्यात बरेच शब्द ठरले.

तर अण्णांचं. घरी ठरलेले शब्द बाहेर बोलता येत नव्हते. यजमानांच्या बायका चुलीच्या आसपास असायच्या. तिथे पोरीने बापाला "अण्णा, करपतंय" असं सांगितलं तर पहिला प्रश्न, तुला कळलं ते आचाऱ्याला कसं कळलं नाही. म्हणून आम्ही बाहेरचे शब्द वेगळे ठरवले. "दार लोटू का?" म्हणजे बुडाला लागतंय. "आई काय करत असेल?" म्हणजे मीठ नाही. "पाणी आणू का?" म्हणजे आंबट जास्त. अण्णा माझ्याकडे न बघता उत्तर द्यायचे, "लोट," आणि जाळ ओढायचे. दोन वर्षं कुणाला कळलं नाही. आमची कामं वाढली. "आचाऱ्याला पोरीचा फार लळा" असं बायका म्हणायच्या.

गोविंदराव म्हणून एक गृहस्थ काशीला जाऊन आले आणि त्यांनी मावंदं घातलं. काशीहून आल्यावर गावाला जेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. आई हिवतापाने झोपून होती, म्हणून मधूलाही बरोबर घेतलं. बैलगाडीत तो सगळा वेळ अण्णांच्या मांडीवर बसून बैलांना नावं देत होता. एकाला त्याने माझं नाव दिलं. म्हणाला, "ह्याचं पण नाक सारखं ओलं असतं."

आम्ही पोचलो तेव्हा ताक आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेलं होतं. माणसं वाढली म्हणून गोविंदरावांच्या घरच्यांनी माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं काढून त्यात ते भरलं होतं. अण्णा दुसऱ्याची भांडी घेताना आत बोट फिरवून कल्हई बघायचे, तो त्यांचा नियम होता. पण पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं, त्यात बोट घालायचं कसं? त्यांनी वरून बघितलं. वरची चार बोटं कल्हई पांढरी स्वच्छ होती. खाली ती उडाली होती हे नंतर कळलं.

पितळेच्या उघड्या भांड्यात आंबट राहिलं की ते कळकतं, पोटात गेलं तर बाधतं. आमच्या काळी कुठल्याही घरातल्या कुठल्याही पोरीला हे माहीत होतं. वास अगदी वेगळा. रक्ताळलेलं बोट तोंडात घातल्यासारखा. अण्णांनी ते ताक घुसळून, पीठ लावून चुलीवर चढवलं, हळद टाकली. वाफ आली आणि मला तो वास आला. एकदा वाटलं भास असेल. मी चुलीला वळसा घालून पलीकडून पुन्हा घेतला. तोच होता.

त्याच्यासाठी आमचा बाहेरचा शब्द नव्हता. कधी लागलाच नव्हता. साधा शब्द होता, कळकलंय. तेवढं म्हणायचं होतं. स्वयंपाकघरात सात-आठ बायका होत्या आणि दाराशी पाटावर गोविंदरावांची आई जपमाळ घेऊन बसली होती. मी म्हटलं असतं तर दोनशे माणसांची कढी ओतून द्यावी लागली असती, त्यांच्या पातेल्याची शोभा झाली असती, ते चाललं असतं. पण म्हातारीने विचारलं असतं, "आचाऱ्या, तू कुठे होतास?" आणि मग अण्णांचं नाक उघडं पडलं असतं. हे सगळं त्या वेळी माझ्या मनात इतकं सरळ आलं होतं का? आलं होतं. अकरा वर्षांची पोर फार विचार करते, लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त.

मी म्हटलं, "अण्णा, पाणी आणू का?"

अण्णा म्हणाले, "आण," आणि गुळाची ढेप फोडून कढीत टाकली. मी पुन्हा म्हटलं, पाणी आणू का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तसं ते कधी बघत नसत, आणि आणखी गूळ टाकला. तिसऱ्यांदा मी बोलले नाही.

पहिली पंगत मुलांची होती. मधूला कडेला बसवलं होतं. मी त्याच्या कानात सांगू शकले असते, कढी पिऊ नकोस. पण त्याला गुपित ठेवता येत नसे. त्याने तिथूनच ओरडून विचारलं असतं, का. दुसऱ्याच्या घरी पानात पडलेल्याला काही म्हणायचं नसतं, हे मीच त्याला गाडीतून उतरताना बजावलं होतं. म्हणून मी उभी राहिले. बाकीचं सुरुवातीला लिहिलं आहे.

मोठ्यांची पंगत बसली, त्यांना भात वाढून होतो तोच अंगणात मुलं ओकायला लागली. एक, मग चार, मग मोजता येईनात. कुणीतरी कढीचं नाव घेतलं. अण्णा बाहेर आले, सगळ्यांसमोर त्यांनी वाटीभर कढी घेतली आणि उभ्या उभ्या प्यायले. "काही नाही कढीला," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं. मग कुणीतरी पातेलं आडवं केलं आणि आतला पिवळा पत्रा सगळ्यांना दिसला. म्हातारी म्हणाली, "भांडं आमचं हे खरं. पण आचाऱ्याला वास येऊ नये?" अण्णांना सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी सांगितली नाही.

बाकीची मुलं दोन-तीन दिवसांत बरी झाली. मधू मुळात अशक्त, त्यातून दोन वाट्या. पोटात काही ठरेना. पाणी पाणी करत होता. गोविंदरावांच्या घरच्या जाणत्या बायका म्हणाल्या, पाणी दिलं की पुन्हा उलटी होईल, देऊ नका. आम्ही दिलं नाही. ओल्या फडक्याने ओठ पुसत राहिलो. तो ते फडकं चोखायला बघायचा आणि मी ओढून घ्यायचे. माझी नात रिया इथे नर्सिंग शिकते. तिला मी एकदा आडून विचारलं. ती म्हणाली, "आजी, यू गिव्ह देम वॉटर. मीठ-साखर घालून, स्मॉल सिप्स. ऑल्वेज." मी बरं म्हटलं आणि माझ्या खोलीत गेले.

आईला काय आणि कसं सांगितलं ते मी लिहिणार नाही.

चौदावा दिवस झाला आणि अण्णांनी मला परसात बोलावलं. वाट्या नव्हत्या, उपरणं नव्हतं. कढीपत्त्याखाली उकिडवे बसले होते. स्वतःही ते दोन दिवस आजारी होते, गाल बसले होते. जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "इंदू, तुला आला होता का वास?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"आंबट वाटली. म्हणून पाणी म्हटलं."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. मग आत जाऊन आईला म्हणाले, "पोरीला आला नव्हता. मग तो कुणालाच आला नसता." त्यांच्या आवाजात मोकळं झाल्यासारखं काहीतरी होतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि ती पीठ चाळायला लागली. तिला कळलं होतं असं मला वाटतं. तिने मरेपर्यंत विचारलं नाही.

लोक म्हणतील, तू लहान होतीस. लहान होते, पण नाक लहान नव्हतं. त्याच्यावरच तर घर चाललं होतं. अण्णांनी त्या बाजूची गावं सोडली आणि घाटाखालची धरली, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. माझं लग्न होईपर्यंत आणखी सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून वास सांगितले. भरलेलं भांडं दिसलं की ते आधी रिकामं करायला लावायचे, मग यजमान कितीही रागावोत. पण माझ्यावर त्यांनी एकदाही शंका घेतली नाही. मी "दार लोटू का" म्हटलं की जाळ ओढायचे. त्या विश्वासाचा मला जितका त्रास झाला तितका कुणाच्या शिव्यांचा झाला नसता.

केतकीचं काम संपत आलं होतं. एका शनिवारी तिने आम्हाला झाकलेले कप दिले आणि सांगितलं, "हे प्यायचं नाही हां, फक्त स्मेल करा. इंग्लिशमध्ये ह्याला मेटॅलिक म्हणतात. मराठीत 'धातूसारखा' असं ट्रान्सलेट होतं, पण बोलताना असं कुणीच म्हणत नाही यार. मला खरा शब्द पाहिजे." ताकात तिने रात्रभर पितळेचा तुकडा ठेवला होता. मला आधी कळलं नाही. झाकण काढलं आणि कळलं.

वासुदेवराव म्हणाले, "गंजका." एक बाई म्हणाल्या, नाण्यासारखा. केतकी माझ्याकडे वळली. "आजी? तुम्ही काहीच बोलत नाही."

मी म्हटलं, "कळकलंय."

वासुदेवरावांनी मान वर केली. "अरे हो. कळकलेलं. माझी आजी म्हणायची. साठ वर्षांत ऐकला नाही हा शब्द." केतकी खूश झाली. बोर्डवर लिहिला, खाली रेघ मारली. मग तिने विचारलं, किती आहे ते पंधरापैकी सांगा. सगळ्यांनी चार, पाच असं सांगितलं. मी पंधरा म्हटलं.

"आजी, एवढा स्ट्राँग?"

"तू पाच लिही. तुझं गणित बिघडायला नको. तू विचारलंस म्हणून मी सांगितलं."

ती पेन ठेवून माझ्याजवळ येऊन बसली. "तुम्ही हा शब्द लास्ट कधी वापरला होता?"

"वापरला नव्हता," मी म्हटलं. मग तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे त्याच क्रमाने, दुसऱ्या वाटीपासून. मध्येच तिने विचारलं, रेकॉर्डिंग बंद करू का. मी म्हटलं, असू दे. वासुदेवराव टेबलाकडे बघत बसले होते. घरी पोचवताना केतकी गाडीत म्हणाली, "आजी, पण तुमच्या बाबांना खरं सांगितलं असतंत तर ते तुटले असते." मी म्हटलं, "मी आधी सांगायला हवं होतं, चुलीपाशी. नंतरचं कशाला बोलतेस?" तिने घरासमोर गाडी थांबवली आणि उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं.

त्या मावंद्याला आमच्या घरातून तिघं गेलो होतो, अण्णा, मधू आणि मी. अण्णा त्यानंतर एकवीस वर्षं जगले. मी ब्याऐंशी वर्षांची आहे.